रिकाम्या गाडीचं वजन

माझं कामच वजन करणं.
यॉर्कटनच्या पूर्वेला, रुळांकडेच्या धान्यकोठारात
सतरा वर्षं मी काट्यावर बसते.
भरली गाडी येते, आकडा लिहायचा,
रिकामी जाते, आकडा लिहायचा,
वरच्यातून खालचा वजा.
उरतो तो गहू, किंवा मसूर, किंवा कनोला.
यात कुणी रडत नाही.

माझा हिशेब घरी, न्हाणीघरात, पहाटे साडेपाचला.
चपला काढून, चष्मा काढून,
मग आकडा दिसेना म्हणून चष्मा पुन्हा घालून.
एकदा कानातले डूलही काढून पाहिले.
ऑगस्टपासून फेब्रुवारी: दोन किलो शंभर.
त्यातले तीनशे ग्रॅम सात जानेवारीला, आमच्या जुन्या नाताळात,
जावयासारखे परत आले
आणि मुक्कामाला राहिले.

पेरोगी आईनं केल्या, दोनशे,
बटाट्याच्या, आंबट कोबीच्या.
मी फक्त कडा दुमडून दिल्या.
बोटं चाटली नाहीत, धुतली.
रोज संध्याकाळी हॉकीच्या मैदानाभोवती
छताखालच्या वाटेवर अठ्ठावीस फेऱ्या.
बाहेर उणे एकतीस.
आत आठ-आठ वर्षांची पोरं बर्फावर आपटतात, उठतात,
त्यांचे बाप मला कॉफी देऊ करतात,
साखर आधीच घातलेली.

शेजारच्या ऑर्विलनं फक्त बिअर सोडली.
नऊ किलो.
मी अभिनंदन केलं. दात दुखले.

दवाखान्यातली मुलगी म्हणाली, साखर उतरलीय,
रक्तदाबही, छान चाललंय, लोरेटा.
आणि वजन?
तेही उतरेल.
कधी?
तिनं खिडकीबाहेर पाहिलं,
एप्रिलमध्ये शेतकरी आभाळाकडे पाहतात तसं.

दुखणं म्हणे हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं.
माझं आलंही मुंगीच्याच पावलानं.
धाकट्याच्या वेळचे चार किलो.
सुगीत काट्यावर बसून, कागदात गुंडाळलेलं, घाईचं जेवण,
त्याचे किती ते कुणी लिहिले नाहीत.
वॉल्टर गेला त्या हिवाळ्यात
ओट्याशी उभ्यानं, पातेल्यातूनच खाल्लेले सहा.
यातल्या कुठल्या मुंगीला सांगू,
तू आता पळ?

काल शेवटची गाडी गेली
आणि मी स्वतःच काट्यावर जाऊन उभी राहिले.
सत्तर फुटांचं पोलाद.
दहा किलोंच्या आतलं त्याला काही कळत नाही,
ट्रकांच्या जगात त्याची गरजही नसते.
खांबावरच्या पाटीवर लाल आकडा: शंभर.
कोट काढला. बूट काढले.
मोज्यांवर, त्या वाऱ्यात.
नव्वद.

ऑगस्टात इथेच टी-शर्टवर उभी होते,
तेव्हा शंभर होते.

मला माहीत आहे, तो खोटं बोलत नाही,
फक्त जवळच्या दहावर जाऊन बसतो.
घरचा काटा इतका बारीक बोलतो
की त्याच्याशी सहा महिने भांडण चाललंय.
हा आडदांड, एका शब्दात मोकळा झाला.
मी हसले, वाफ निघाली.
रिकामी गाडीही रोज सारखी भरत नाही:
चाकांना चिखल, टाकीत डिझेल,
ड्रायव्हरच्या शेजारी कुत्रा.
म्हणून तर आम्ही दर खेपेला नव्यानं तोलतो,
कालचा आकडा आज चालत नाही.
हे मी किती नव्या पोरांना शिकवलं असेल.

मोजे पोलादाला चिकटले होते.
सोडवताना एकाला भोक पडलं.

आज पहाटे घरचा काटा: शंभर ग्रॅम जास्त.
मोजे हीटरवर वाळत होते.
मी अंडं उकडलं, मीठ न घालता खाल्लं,
मग थोडं घातलं.

संध्याकाळी एकोणिसाव्या फेरीला
कठड्यावर हनुवटी टेकवून एका पोरानं विचारलं,
तू रोज कुठे जातेस?
गोल, म्हटलं.
त्याला ते पटलं.
तो परत आपटायला गेला.