बर्फाची जाडी

लेना नदी गोठली की तिच्यावरून रस्ता जातो.
एर्चिम तेव्हा त्या रस्त्यावर ट्रक हाकायचा,
उणे चाळीसात दार किलकिलं ठेवून,
पट्टा न लावता,
टोपीचा एक कान वर दुमडून.
बर्फ बोलतो, म्हणायचा.
कोरडा बोलला तर चालत राहायचं,
ओला बोलला तर दारातून उडी.
तो उघडा कान हिवाळाभर सोललेला असे.

आता तो रस्त्याचा साहेब आहे.
खिडकीला तीन काचा,
टेबलावर एका वेळी एकच कागद, असा नियम.
मी भोकं पाडते, मोजते, येऊन सांगते:
बेटापाशी बर्फ करडा पडलाय,
काल एक कुत्रं तिथं थबकलं, वळसा घालून गेलं...
तो विचारतो, किती?
मी म्हणते, बासष्ट, पण...
तो बासष्ट लिहितो.
पण माझ्या हातमोज्यातच राहतो.

वाईट नाही तो.
आईच्या ऑपरेशनला गाडी त्यानंच दिली.
फक्त, जिन्यात त्याचे बूट वाजले
की आम्ही सगळे ओळखतो आज हवा कशी आहे:
टाच आधी वाजली तर जपून,
मध्ये थांबला तर घरून फोन आलाय.
आमचे बूट मात्र त्याला एकाच माणसाचे वाटतात.
ज्याच्या पायाखाली लाकडी जमीन आली
त्यानं कशाला कान द्यावा?

मीही शिकले मग.
आधी कुत्रं गाळलं,
मग करडा रंग.
साहेब म्हणाला, हल्ली तू मुद्द्याचं बोलतेस.
मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

डिसेंबरात तो सभेला शहरात गेला,
आठ दिवस खुर्ची माझ्याकडे.
ऊबदार होती खुर्ची.
चौथ्या दिवशी नवा पोरगा आला, न्युर्गुन,
पापण्यांवर हिम, दारातच उभा,
म्हणाला, बाई, भोकातनं पाणी वर आलं,
आणि त्याला वास...
मी मान वर न करता विचारलं,
किती?

तो गप्प झाला.
मी जिथं गप्प व्हायचे, अगदी तिथंच.

पेन खाली ठेवलं. म्हटलं, वास कसला रे?
काही नाही, म्हणाला. अठ्ठावन्न.
आणि हातमोजे चढवायला लागला.

तीन काचांपलीकडे
एक ट्रक नदीवर उतरत होता,
दार घट्ट लावून.