अकरा सेकंदं

डाव्या अंगठ्याला अजून वाटतं
फिल्म निसटेल, धरून ठेवायला हवी.
पस्तीस वर्षांपूर्वी ओतारनं शिकवलं होतं
कात्री किती तिरकी, फुंकर केव्हा,
आणि ॲसिटोननं डोकं दुखलं तर खिडकीशी जायचं,
रडायला नाही, श्वास घ्यायला.
तेव्हापासून तो अंगठा बिचारा
काही नसलं तरी काहीतरी धरून असतो.

मग कॅसेटी आल्या. मग राखाडी पेट्या. मग दोन पडदे.
दर वेळी नवा गडी, नवं राज्य,
दर वेळी मी पाटी पुसली.
आता साबुर्तालोत, चौथ्या मजल्यावर,
जिथल्या लिफ्टला अजून नाणं लागतं,
तेक्लेनं मला नव्या प्रणालीसमोर बसवलं
आणि म्हणाली, "त्सियालामावशी, सगळं तेच आहे,
फक्त जागा बदलल्यात."

घर बदलल्यावरही असंच सांगतात.
मग रात्री पाणी प्यायला उठावं
आणि कपाळ भिंतीवर आपटावं.

जी कळ कापायची, ती आता चित्र मोठं करते.
जी मागे न्यायची, ती आवाज घालवते.
सवयीनं बोट पडतं
आणि तुशेतीची मेंढरं
डोंगरासकट, कुत्र्यासकट गडप.
कळ दाबायची, मग कळ सोसायची.
तेक्ले तोंडापुढे कॉफीचा कप धरते.
हसू दे. तिचा पहिला लघुपट मी कापला होता,
सव्वीस मिनिटांचे नऊ केले,
दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी.

तिसऱ्या आठवड्यात दारेजान आली पडद्यावर.
चीज करणारी, हात कोपरापर्यंत पांढरे.
प्रश्न: मुलगा शहरात कधी गेला?
आणि मग ती गप्प.
नेमका तेव्हाच कॅमेरामनचा पाय तिपाईला लागला,
चित्र हललं, छत दिसलं, कुणाची तरी चप्पल.
मग ती म्हणाली, "यंदा चीज बरं उतरलंय."

हललेलं तेवढं मी काढलं.
काढलं मात्र,
पुढचा तुकडा सरसर सरकत आला
आणि प्रश्नाला येऊन चिकटला.
मुलगा कधी गेला? यंदा चीज बरं उतरलंय.
बाई एकदम वेडी दिसायला लागली,
नाहीतर बहिरी.

पुन्हा काढलं. पुन्हा सरकलं.
या यंत्राला भोक बघवत नाही,
कुणी उठून गेलं की शेजारचा
लगेच खुर्ची ओढून बसतो.
जुन्या पेटीत काढलेल्याची जागा
काढलेल्याचीच राहायची,
काळी, रुंद, कुणी हात न लावलेली.
मी तिच्यावर किती वेळा वैतागले होते
ते आता आठवलं.

"तेक्ले," मी म्हटलं, "इथे काही नको असेल तर?"
तिनं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.
"काही नको असेल तर
'काही नाही'चा तुकडा घालावा लागतो, मावशी.
तोही एक तुकडाच. लांबी द्यावी लागते त्याला."

दिली. अकरा सेकंदं.
त्यावर नंतर धुकं टाकलं, एक कुंपण,
पण खाली ते 'काही नाही' राहू दिलं,
राखाडी, आयताकृती,
बाकीच्या तुकड्यांत मांडी घालून बसलेलं.
लावून पाहिलं. मुलगा कधी गेला?
तेक्ले अकराव्या सेकंदापर्यंत हलली नाही.
माझा अंगठा तेवढा वेळ टेबलाची कड धरून होता.

बाहेर अंधारलं होतं, खाली कुणी नाणं शोधत
लिफ्टला शिव्या देत होतं.
मी सेव्हची कळ विचारली.
"नाहीये," ती म्हणाली, "आपोआप होतं."

बरं, म्हटलं.
आणि पूर्वी ती जिथे असायची
तिथे दोनदा दाबून घेतलं.