शेरा

आयकराच्या फायलींखाली सापडली.
लेबल कसरीने खाल्लेलं,
बँडच्या नावातला उरलाय नुसता 'सहा'.
पाकिटावर हिरव्या शाईत माझंच अक्षर:
'महू, जुना बाजार. सव्वा रुपया.
भिकार. बदलून आणणे.'

चोविशीत होतो. सगळं कळत होतं.

रामबागेत दुपार पेंगलेली.
चावी भरली, सुई टेकवली.
खरखर. दर फेऱ्याला चिरेचा एक टिचका,
त्याच्याआड क्लॅरिनेटवाला
भलत्याच पट्टीत शिरतो
आणि मागे कुणीतरी हसतं,
बँडमधलंच,
हसू आवरत नाही, वाजवणंही सोडत नाही.

बावन्न वर्षं हे हसू
या घरात होतं.

चावी उतरली, तसे साही जण
देवासच्या शेवटच्या बसमधल्यासारखे
घोरायला लागले.

शेरा खोडला नाही.
खाली लिहिलं:
'कुमुद उठली की परत लावणे.'