थर्मासातले डोळे

सकाळी साडेसहाला व्यंकटमामा
अंबाजोगाईच्या खाटीक गल्लीतून सायकलवर येतात.
हँडलला निळा थर्मास, आत बर्फ,
बर्फात सहा डोळे.
"ताजे हायत मॅडम, आजून बगू लालेत."
रोज तोच विनोद.
पहिल्या महिन्यात मी हसले नव्हते.

बोकडाची बाहुली आडवी असते,
टपालपेटीच्या फटीसारखी.
तिच्यात मी काय काय टाकलं :
हाताची थरथर, रात्रपाळीची झोप,
आईचा न उचललेला फोन.
भिंगाची पिशवी गोल फाडायची असते.
बोकडाची चिवट, ओढली की
पाटीवरच्या माझ्या पहिल्या शून्यासारखी
भलतीकडेच पळते.
बिडवे मॅडम मागून, न वाकताच :
"गेली ना? दुसरा घे."
दोन वर्षांत किती दुसरे घेतले,
लॉगबुकात त्यांना रकाना नाही.

ओपीडीत धारूर, केज, परळीची माणसं
हनुवटी टेकवून बसतात.
एक आजोबा तक्ता पाठ करून आले होते,
कारखान्यावर वॉचमन, दाखला हवा होता.
मी तक्ता बदलला
तरी त्याच सुरात म्हणत राहिले,
"ग... प... म... र..."
नात दारात ओठ हलवत उभी.

बुधवारी टेबलावर जिलानी कुरेशी, वय एकसष्ट,
डावा डोळा, पूर्ण पिकलेला.
नावावरून मला काही कळलं नाही.
व्यंकटमामांनी दारातून खूण केली,
हवेत थर्मास उचलल्याची.

हिरव्या कापडाच्या भोकातून फक्त डोळा.
माणसाची बाहुली गोल असते,
हे मला नव्यानं दिसलं.
कापडाखालून आवाज :
"मॅडम, धार देखे क्या?"
देखी, मी म्हटलं.
"हमारे में पैले धार देखते."
मग तो अगदी गप्प पडून राहिला.
इतकं गप्प राहणं कुठे पाहिलं असेल त्यानं,
हा विचार मी टाळला.

बिडवे मॅडम या वेळी वाकल्या होत्या.
दुसरा घे, असं इथे नसतं.
पिशवी फाटली. गोल.
जवळजवळ गोल.

गुरुवारी पट्टी काढली.
मी तीन बोटं धरली, त्यानं मोजली नाहीत.
खिशातून वही काढली, कडा तेलकट,
आधी नाकाशी नेली, मग लांब,
मग आणखी लांब, हात संपेपर्यंत.
"आँख का डिपार्टमेंट," त्यानं वाचलं,
"मार्च से बाकी. दो हजार सात सौ चालीस."
वॉर्डातले सगळे हसले.
बिडवे मॅडमनी पर्स उघडली.

शुक्रवारी साडेसहाला तोच थर्मास.
"आज आठ हायत," व्यंकटमामा म्हणाले,
"दोन त्यानं वरचे दिले."
विनोद करायचा विसरले.

मी झाकण फिरवलं.
बर्फातून कुणीतरी
आडवं बघत होतं.