गोमेद शिल्लक आहे

लष्करात, दौलतगंजच्या आमच्या मंडळात
मानपत्रं मीच लिहिते, बोरूने, काळ्या शाईत.
अक्षर बरं म्हणून सासऱ्यांनी हे काम गळ्यात घातलं,
त्याला आता तेहतीस वर्षं.

दर माघात कुणाला तरी रत्न करायचं असतं.
हिरा माझ्या आधीच कधीचा देऊन झालेला.
माणिक दोनदा दिलं, दुसऱ्यांदा चुकून,
ते दोघे पुढे एकमेकांच्या गाण्याला गेले नाहीत.
मोती जिला दिला ती बाई म्हणाली,
"आमच्या गल्लीत हे कुत्र्याचं नाव आहे हो,"
पण शाल घेतली, नारळही घेतला.
नीलमला मात्र कुणी हात लावत नाही.
एका सतारियाने ते मानपत्र
रीतीप्रमाणे तीन रात्री उशाखाली ठेवलं,
चौथ्या दिवशी सकाळी परत आणून दिलं.
स्वप्नात काय पडलं, ते सांगितलं नाही.

यंदाच्या बैठकीत दिघे वही चाळून म्हणाले,
"गोमेद शिल्लक आहे. आणि लसण्या."
गजकाचं ताट फिरलं, सतरंजीभर तीळ.
कोपऱ्यातून कुणीतरी सुचवलं,
"तंबोरे लावतात त्या मार्तंड मेस्त्रींना देऊन टाका.
वय झालंय. ऐकायला कमी येतं.
भाषण करणार नाहीत."
ठराव झाला.

जन्मसाल विचारायला मी त्यांच्याकडे गेले,
चिटणीस की गोठ, बोळाच्या अगदी टोकाला.
घोडीवर कानस फिरत होती,
अंगठ्यावर हाडाची पांढरी भुकटी.
तार छेडली की ते हनुवटी भोपळ्यावर टेकवत
आणि डोळे मिटून हाडांनी ऐकत.

मी ओरडून सांगितलं: गोमेद!
ते म्हणाले, "जव्हेरी सराफ्यात बसतात, बाई.
मी जवारीवाला."
मी पुन्हा ओरडले. या वेळी हसले,
म्हणजे पहिल्यांदाही ऐकू आलं असावं.

मग डबी उघडून दाखवली.
काचेचे मणी, निळे, काही दुधी,
नव्या बाजारातून डझनाने आणलेले.
एक तारेत ओवून बोटाने खाली लोटला,
तिळाएवढा,
आणि तोवर जो आवाज नुसता आवाज होता
तो षड्ज झाला.
"रत्न म्हणाल तर हे. रुपयाला दोन."

तारेखाली सुताचा एक तुकडा होता,
मला वाटलं, चुकून राहिलेला.
काढायला हात पुढे केला तर मनगट धरलं माझं.
"त्याला जीव म्हणतात.
दिसत नाही तोवर बरं चाललंय समजायचं."

जन्मसाल त्यांना आठवेना.
"ज्या साली पूर आला" म्हणाले. कुठला पूर?
मी जागा कोरी सोडली.

समारंभाला आले, धुतलेली टोपी घालून.
शाल पडली खांद्यावर, फोटो निघाला,
अध्यक्षांनी गोमेदाची कांती,
गोमेदाचे औषधी गुण, राहूची शांती
यावर पंधरा मिनिटं घेतली.
ते दुसऱ्या रांगेत मानपत्र मांडीवर धरून बसले,
वाढून ठेवलेल्या ताटासारखं.

पाहुण्या बाईंचं गाणं सुरू व्हायचं होतं,
तंबोरे घुमायला लागले होते.
सभागृहात चारशे माणसं, सगळी कानाची पक्की,
आम्ही ग्वाल्हेरचे, आम्हाला कोण शिकवणार.
ते उठले. शाल जमिनीवर घसरली.
पायऱ्या चढून, डाव्या तंबोऱ्यापाशी वाकून
एक मणी केसभर सरकवला
आणि टाळी कुणीच वाजवली नाही,
कारण काही घडलंय हे कुणाला कळलंच नाही.
फक्त पाहुण्या बाईंनी मान किंचित वळवली.

खुर्चीवर मानपत्र तसंच राहिलं.
मी घरी आणलंय, द्यायला जायचं आहे,
रोज उद्यावर जातं.
अक्षर चांगलं आलंय या वेळी, विशेषतः 'द'.

पुढच्या माघासाठी कागद आणून ठेवलाय.
दिघे विचारत होते,
लसण्या पोटफोड्या 'ण' ने लिहितात की 'न' ने.