सात नंबरची पट्टी

एकाच दिवशी जोडलेल्या बारा पट्ट्या.
स्टेनलेस स्टील, बोटभर जाड,
प्रत्येकीच्या मधोमध वेल्डची शिवण,
खवल्यावर खवला चढावा तशी.
गेरब्रांडचं हे शेवटचं काम,
त्यानंतर त्याने मुखवटा खुंटीला टांगला.

तापलेला जोड थंड होताना आक्रसू बघतो.
बाजूचं गार पोलाद म्हणतं, नाही.
तो ओढतो, ते धरून ठेवतं,
आणि ही रस्सीखेच तशीच्या तशी गोठते.
वर वजन नाही, कुठे टांगलेली नाही,
टेबलावर नुसती पडलेली पट्टी
आतून ताणलेली.
गेरब्रांड त्याला ताण म्हणत नसे.
'तिचा राग' म्हणायचा,
आणि कॉफीबरोबर एकच बिस्किट काढून
डबा बंद करायचा.

अकरा पट्ट्या अणुभट्टीत गेल्या,
उत्तर समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे,
जिथून लाटा ऐकू येतात, दिसत नाहीत.
सातवी मागे ठेवली, तुलनेसाठी.
आफ्येच्या कपाटात, खोक्यात,
वर खडूने ७.

भट्टीत तीनशे अंश.
एवढ्याशा धगीने हे पोलाद
कूससुद्धा बदलत नाही.
पण न्यूट्रॉन येतो,
धन ना ऋण, कुणाच्याच बाजूचा नाही
म्हणून कुणी अडवत नाही त्याला,
आणि एका अणूला जागेवरून उठवतो.
तो शेजाऱ्याला, शेजारी पुढच्याला.
कुठे घर रिकामं, कुठे भलतीच दाटी,
बहुतेकजण निमिषात परततातही,
आपल्या घरी नव्हे,
जे मोकळं सापडेल त्यात.
आणि या उठण्याबसण्यात
जिकडे ओढ आहे तिकडे
किंचित, अगदी किंचित
सरकून बसतात.

दोन वर्षांनी आफ्येने
मीटरभर जाड, पिवळट काचेपलीकडे
यांत्रिक हातांनी पहिली पट्टी कापली.
ताणलेला जोड कापला की तोंड उघडतो.
हा उघडला नाही.
जेमतेम केसभर.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ जळलाच नाही
आणि पीळ गेला.
सगळा नाही. आधी झपाट्याने, मग रेंगाळत,
तिच्या आलेखातली रेघ
शून्याकडे वाकते, टेकत नाही.

मग सातवी. तिला कापलं नाही,
क्ष-किरणांनी तपासलं.
आकडा सहा वर्षांपूर्वीचाच.
काळ हे औषध असेल,
कपाटातला नव्हता.

रविवारी ती खोकं घेऊन गेरब्रांडकडे गेली.
तो तिचा सासरा होता एकेकाळी.
रुलॉफ गेल्यावरही ती येत राहिली,
त्याचं नाव दोघांनी काढलं नाही.
'त्या अकरा शांत झाल्या?'
'हो. पण कडक झाल्या. ठिसूळ.
वाकवायला गेलं तर तडकतील.'
'आणायच्यास एखादी.'
'हात लावता येत नाही त्यांना.
तुमच्या-माझ्या जन्मात तरी नाही.'

त्याने सातवी मांडीवर घेतली.
चष्मा न लावता, अंगठ्याने,
शिवणीवरून हळूहळू.
एका जागी अंगठा थांबला.
'इथे हात हलला होता माझा.
रुलॉफ दारात येऊन उभा होता.
म्हणाला, मी निघतोय, तिला अजून सांगितलेलं नाही.'

ही खोट तिच्या नोंदीत होती,
सहा वर्षं,
शिवणीच्या सुरुवातीपासून एकेचाळीस मिलिमीटरवर.
कारण: अज्ञात.

बाहेर बांधावर मेंढ्या वाऱ्याला पाठ करून उभ्या.
बिस्किटांचा डबा उघडाच होता.
'अजून ओढतेय,' तो म्हणाला.
आफ्ये बोलली नाही. आकडा तिला पाठ होता.

मंगळवारी पट्टी परत जमा करायची आहे,
सही करून.