पाच मिनिटं, तीस रुपये

दारव्हा रोडला, जिनिंगच्या भिंतीला लागून,
बाबांचं पंक्चरचं दुकान होतं तिथं
आता दोन गाळे, दोन पाइप, दोन गन
आणि टोकन गिळणारी एक पिवळी पेटी.
वर बोर्ड: आपली गाडी आपणच धुवा.
पहिले आठ दिवस लोक नुसता बोर्ड वाचून गेले.
"आपनच धुवाची त मंग घरी बोअर नाई का?"

दर मी लावले. बी.कॉम. झालेली घरात मी एकटीच.
टोकन तीसचं, पाच मिनिटं.
सकाळी सातच्या आत वीस.
पाच वेळा धुतली की सहावी फुकट,
त्यासाठी यवतमाळहून गुलाबी कार्डं छापून आणली
आणि भोक पाडायला एक पंच.

मे महिन्यात दुपारी गाळे ओस.
लिहिलं: बारा ते चार, अर्धे पैसे.
पंजाब ठवरे आपला छोटा हत्ती घेऊन आला.
पत्रा असा तापलेला
की फेस गाडीवरच वाळला,
टपावर पांढरे ठिपके, कांजिण्या आल्यासारखे.
"अर्ध्या पैशात अर्धीच धुतल्या जाते का वो?"
दुसऱ्या दिवशी ती ओळ मी चुन्यानं पुसली.

लढ्ढांचा पोरगा कार्डाला
चार भोकं घरूनच पाडून आला, खिळ्यानं.
कडा फाटलेल्या, सांगायची गरज नव्हती.
बाबांनी कार्ड उलटंपालटं केलं.
"जाऊ दे. असे खिये आपन लय काढले."

कौतिकाबाई कुमरे गोधड्या घेऊन आल्या. दोन.
गोधडीला माझ्याकडं दर नव्हता.
बाबांनी सातच्या आतला लावला.
दुपारचे तीन वाजले होते.

पाच मिनिटं संपली की पेटी पाणी तोडते.
काळ्या मातीच्या दिवसांत
पाच मिनिटं म्हणजे दीड चाक.
गाडीवर फेस, हातात मुकी गन,
माणूस खिसे चाचपत उभा.
धंदा याच घडीवर चालतो,
दुसरं टोकन इथंच विकलं जातं,
मी सगळा हिशेब त्यावरच मांडला होता.
आणि बाबा टपरीतून उठतात,
पेटीमागचं बटण अंगठ्यानं दाबून धरतात
आभाळाकडं पाहत, जसं काही
हात कुणा दुसऱ्याचा आहे.
"पानी असं अर्ध्यात तोडू नये, बापा."

वहीत मी एक रकाना वाढवला: अंगठा.
रोजचे सरासरी बावीस मिनिटं.

रऊफभाई येतात पहाटे चारच्या सुमारास,
नागपूरहून परतताना, ॲम्ब्युलन्स घेऊन.
वीसच्या दरात बसतात.
मागचं दार उघडून आधी आतून धुतात,
मग बाहेरून, तेही घाईनं.
मी दिवा लावून देते
आणि टपरीतच थांबते.
आषाढ संपायच्या आत त्यांचं कार्ड भरलं.
म्हटलं, "भाई, आजची फुकट."
त्यांनी कार्ड दिव्यासमोर धरलं.
पाच बारीक उजेड शर्टावर पडले,
ते त्यांनी पाहिले की नाही, माहीत नाही.
"याच्यावर फुकट नको, बेटा."
वीसची नोट ठेवली, टोकन उचललं.
कार्ड गल्ल्यावरच राहिलं.
नवं मी विचारलं नाही.

पंच आता कुठं आहे ते मला सांगता येणार नाही.

पोळ्याच्या आधी बोर्ड पुन्हा रंगवून घेतला.
टोकन तीस. मिनिटं सहा.
कार्ड नाही, दुपार नाही, सातच्या आतला दर तेवढा ठेवला.
बाबांनी लांबून वाचलं, चष्मा लावून जवळून वाचलं,
मान हलवली.
वाटलं, आता तो रकाना मिटवता येईल.

संध्याकाळी वही घेऊन बसले होते.
गाळा दोनमध्ये सहावं मिनिट संपलं,
पाणी तुटलं,
मोटरसायकलवर फेस तसाच.
टपरीतली खुर्ची करकरली.